सदुसष्टाव्या वर्षी एकभुक्त राहायचं म्हणताय, तर आधी एवढं करा

गुरुजी, तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुमचं वय ६७, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ७८ किलो. मधुमेह अकरा वर्षांपासून, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ७.४ टक्के. सकाळी ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी, रात्री आणखी एक मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. सकाळच्या फिरण्यातल्या एका मित्राने दिवसातून एकदाच जेवून चार महिन्यांत ९ किलो कमी केले. तुम्ही आषाढी एकादशीपासून चातुर्मासभर तसंच करायचं ठरवलंय: संध्याकाळी ७ वाजता एकच जेवण, बाकी दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा. वहिनींना हे पसंत नाही. तुमची आजी मात्र एकभुक्त राहून ८८ वर्षं जगली, म्हणून तुमचा विश्वास पक्का आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या पद्धतीने, या गोळ्यांवर, रोज, कृपा करून सुरू करू नका. वजन उतरवायची तुमची इच्छा योग्य आहे. तुमच्या पोटाच्या घेरातले सहा-सात किलो गेले तर साखर, रक्तदाब, गुडघे तिन्हींना आराम पडेल, आणि ते सदुसष्टाव्या वर्षीही जमतं. पण त्यासाठी दोन जेवणं पुरतात. आणि एकभुक्ताची ओढच असेल तर ते कसं करायचं, तेही पुढे लिहितो. गेली तीस वर्षं मी फिजिशियन म्हणून काम करतोय, त्यातली शेवटची पंधरा बहुतेक साठीपुढच्या लोकांमध्ये गेली. उपास करू नका असं मी सरसकट कुणाला सांगत नाही. पण तरुण माणसाचा उपास आणि तुमचा उपास यांत दोन मोठे फरक आहेत. एक तुमच्या गोळ्यांच्या पिशवीत आहे आणि दुसरा तुमच्या मांड्यांत.

गोळ्यांचं आधी, कारण त्यात धोका तासांत मोजायचा असतो.

काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास एका आजोबांना त्यांच्या मुलाने जवळजवळ उचलूनच आणलं. सदरा पाठीला चिकटलेला, कपाळावर घामाचे थेंब, हात थंडगार. मला ते चांगले ओळखत, पण त्या दिवशी माझ्या तोंडाकडे बघत "बैल बांधले का?" असं पुन्हा पुन्हा विचारत होते. मुलाला वाटलं अर्धांगाचा झटका आहे. बोटाच्या थेंबात साखर निघाली अवघी ४६. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत आजोबांनी मला नावानिशी हाक मारली. त्यांच्या खिशात ग्लिमेपिराईडची स्ट्रिप होती. सोमवारचा उपास, संध्याकाळी सोडायचा होता. रविवारी रात्रीनंतर पोटात काही नव्हतं, पण गोळी मात्र सकाळी वेळेवर घेतलेली, कारण "काही झालं तरी गोळी चुकवायची नाही" हे मीच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. त्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, म्हणून शुद्धीवर आल्यावरही त्यांना पुढचा पूर्ण दिवस दाखल ठेवावं लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक मधुमेही माणसाला गोळी लिहून देताना विचारतो, उपास कुठले करता?

ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिपिझाईड, ग्लिबेनक्लामाईड ही सगळी एका घराण्यातली औषधं. स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणं हे त्यांचं काम. तुम्ही जेवलात की नाही हे त्या गोळीला कळत नाही. तुम्ही ती सकाळी घेणार आणि जेवणार संध्याकाळी ७ ला. मधले दहा-अकरा तास इन्शुलिन सुटत राहणार आणि त्याला वापरायला ताजी साखर नसणार. तरुणपणी साखर उतरली की हात थरथरतात, छाती धडधडते, कडाडून भूक लागते, माणूस सावध होतो. वय वाढलं की या सूचना क्षीण होतात आणि माणूस एकदम गोंधळतो, असंबद्ध बोलतो किंवा पडतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड आणखी झाकली जाते. घाम तेवढा येतो. म्हणून घरातल्या माणसांनी घामाकडे लक्ष ठेवायचं.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर अशी घसरण्याची भीती फार कमी. पण बऱ्याच जणांना हल्ली डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन दिलेलं असतं, जे लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. तुमच्या यादीत ते नाही. तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो: हे औषध चालू असताना लांबलचक उपाशी राहिलं तर रक्तात किटोन आम्लं साठू शकतात, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप असं सुरू होतं आणि लोक पित्त समजून घरी बसतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर एक जेवणसुद्धा स्वतःच्या मनाने सोडू नये.

तुमच्या टेल्मिसार्टनचंही पाहायला हवं. दिवसभर कोरडं पोट, पाणी कमी, त्यात रक्तदाबाची गोळी. वय झालं की तहान कमी लागते, त्यामुळे शरीराला पाणी हवं असतं तरी घसा सांगत नाही. मग माणूस पलंगावरून उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. लघवी जास्त होण्याची गोळी सोबत असेल तर हे आणखी लवकर घडतं. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी रिकाम्या पोटी गेली तर जठराची खैर नाही. रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांतलं रिव्हरॉक्साबॅन मोठ्या मात्रेत अन्नाबरोबरच घ्यावं लागतं, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. म्हणजे कुणाची गोळी अन्नाशिवाय लागूच पडत नाही, कुणाची पोट जाळते, तर कुणाची साखर पाडते. म्हणून पहिलं पाऊल जेवण सोडण्याचं नाही. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून तुमच्या डॉक्टरांसमोर टेबलावर ओतायच्या आणि विचारायचं: मी या या वेळांना जेवलो तर यातली कोणती बदलायची, कोणती कमी करायची, कोणती कधी घ्यायची? मात्रा स्वतः अर्धी करू नका आणि माझं वाचूनही करू नका.

आता मांड्यांचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या मित्राने ९ किलो गमावले हे तुम्हाला दिसलं, पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती हे वजनकाटा सांगत नाही.

आपण उपाशी असतो तेव्हा सुरुवातीला यकृतात साठवलेली साखर वापरली जाते. ती संपत आली की शरीर चरबी जाळायला घेतं. उपासाचं जे कौतुक होतं ते याचं, आणि ते खरंही आहे. पण त्याच वेळी मेंदूसाठी आणि रक्तपेशींसाठी थोडी साखर नव्याने बनवावी लागते, आणि तिचा काही कच्चा माल स्नायूंतल्या प्रथिनांतून येतो. रोज रात्री झोपेतही हे होतं. सकाळी-दुपारी आपण प्रथिनं खाल्ली की गेलेलं भरून निघतं. म्हातारपणी अडचण अशी की हे भरून काढण्याचं काम सुस्त होतं. तिशीतल्या माणसाच्या स्नायूला जेवणातली १५-२० ग्रॅम प्रथिनं जागं करायला पुरतात, सत्तरीच्या स्नायूला साधारण २५ ते ३० लागतात, आणि बरोबर थोडी मेहनतही लागते. अशा माणसाने दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं तर उरलेले बहुतेक तास खर्चाचेच.

एक निवृत्त कारकून माझ्याकडे येत. सत्तरीचे. त्यांनी सात-आठ महिन्यांत ११ किलो उतरवले होते आणि आनंदाने सांगायला आले होते. साखर सुंदर होती, रक्तदाब सुंदर होता. मी त्यांना साधी लाकडी खुर्ची दिली, हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठून बसायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. पहिल्यांदा उठले. दुसऱ्यांदा अंग पुढे झोकून उठले. तिसऱ्यांदा हात आपोआप सुटून मांडीवर आला. पाच वेळा व्हायला २१ सेकंद लागले. मग म्हणाले, "डॉक्टर, हल्ली सत्यनारायणाला खालच्या पंगतीत बसत नाही, उठताना लाज वाटते." विजारीचा नाडा घट्ट बांधावा लागत होता, त्याचा त्यांना अभिमान होता. पण त्याच विजारीत मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. त्यांच्याकडून पुन्हा शक्ती कमवून घ्यायला आम्हाला वर्षभर लागलं, आणि तरी सगळी आली नाही.

ही खुर्चीची चाचणी तुम्ही आज घरी करा. वहिनींना मोबाइलवर सेकंद मोजायला सांगा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पाच वेळा उठायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांप्रमाणे स्नायूंची ताकद किंवा हालचाल कमी पडतेय असा संशय घ्यायचा. पोटरीचा घेरही शिंप्याच्या टेपने मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर उपास बाजूला ठेवायचा आणि आधी अंगात बळ भरायचं. हे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढे त्यांचाच उपयोग आहे.

बरं, एका जेवणातच सगळी प्रथिनं खाल्ली तर? खाल्लेली प्रथिनं वाया जात नाहीत, हळूहळू पचतात. प्रश्न तेवढी पानात येतात का हा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत सर्वसाधारण प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. वय झालेल्यांसाठी जगभरचे वृद्धारोग्यतज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. तुमच्यासाठी, उंचीला साजेसं वजन धरून, ७० ते ७५ ग्रॅम धरू. आता आपलं घरचं ताट मांडू. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकऱ्या, म्हणजे १०० ग्रॅम पीठ: १० ग्रॅम. वाटीभर घट्ट आमटी: ८-९. मटकीची भरलेली वाटी उसळ: ९. दीड वाटी दही: ६. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे: ४-५. झाले ३७-३९. दोन अंडी घेतली तर आणखी १२, म्हणजे पन्नासच्या आसपास. एवढं जेवून पोट तुडुंब भरेल आणि तरी वीस-पंचवीस ग्रॅम कमीच. शिवाय कवळी असेल, दात हलत असतील, भूक मंद असेल, तर माणूस उसळ बाजूला ठेवतो आणि आमटी-भात कालवून खातो. मी लोकांना जेवणाच्या वह्या लिहायला लावतो. एकदाच जेवणाऱ्या ज्येष्ठांच्या वहीत प्रथिनं क्वचितच ४०च्या वर जातात. (ज्यांच्या मूत्रपिंडाचं काम कमी झालंय त्यांनी प्रथिनांचा आकडा किडनीच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा. हा हिशोब त्यांच्यासाठी नाही.)

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू, कारण तुम्ही पेशींच्या स्वच्छतेबद्दलही विचारलंय. पेशी आपलाच मोडका माल पचवून पुन्हा वापरतात, या क्रियेवरच्या कामासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं, हे खरं. पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवर होतं. त्यावरून "१८ तासांनी स्वच्छता सुरू, २४ तासांनी दुप्पट" अशी जी वेळापत्रकं मोबाइलवर फिरतात त्यांना तुमच्या शरीरापुरता आधार नाही.

थेट एकवेळच्या जेवणावर माणसांत नीट केलेला एक प्रयोग अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मेरीलँडमधल्या संशोधन केंद्रातून आला आणि २००७ साली छापला गेला. चाळीस ते पन्नास वयाची, निरोगी, योग्य वजनाची माणसं. तेवढाच आहार आठ आठवडे तीन जेवणांत आणि आठ आठवडे संध्याकाळच्या एकाच जेवणात. २१ जणांनी सुरुवात केली, १५ जणांनी पूर्ण केलं. एकाच जेवणाच्या काळात वजन आणि चरबी थोडी घटली, पण रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, भूक वाढली, आणि सकाळची साखर तीन जेवणांच्या काळापेक्षा जास्त राहिली. हे धडधाकट पंचेचाळिशीतल्या लोकांत झालं. तुमचा बेतही संध्याकाळच्याच जेवणाचा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उलट बाजूने अलाबामा विद्यापीठातला २०१८चा एक छोटा प्रयोग आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठ पुरुष, पाच आठवडे, दिवसाचं सगळं खाणं सकाळपासून सहा तासांत, शेवटचा घास दुपारी तीनच्या आत. वजन उतरलं नाही, तरीही इन्शुलिनचं काम सुधारलं आणि रक्तदाब उतरला. आठच माणसं आहेत, त्यामुळे त्यावर फार भार टाकायचा नाही. पण मला रोज जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं: किती वेळा जेवता यापेक्षा रात्रीचं जेवण किती उशिरा आणि किती जड घेता, यावर सकाळची साखर जास्त अवलंबून असते. आपलं शरीर सकाळी-दुपारी साखर चांगली हाताळतं, दिवस मावळला की आळसावतं. आणि खाण्याच्या तासांमध्येच काही जादू आहे का, हे चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर पाहिलं गेलं. २०२२ साली निष्कर्ष आला: उष्मांक सारखेच कमी केले तर आठ तासांत खाणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा लक्षणीय जास्त उतरलं नाही. म्हणजे वजन उतरतं ते कमी खाल्ल्याने. तास हे कमी खाण्याचं एक साधन, ज्याला सोपं जाईल त्याने वापरावं.

आजींचा विषय मला टाळायचा नाही, कारण तुमची श्रद्धा तिथून आलीय आणि ती मी आदराने घेतो. माझ्याही घरात अशी आजी होती. तिचं एकभुक्त म्हणजे दुपारचं एक जेवण. रात्री अन्न नाही, पण पेलाभर दूध, कधी राजगिऱ्याच्या लाह्या, कधी फळ. अन्न एकदा, फराळ वेगळा, असा तो जुना रिवाज. शिवाय दिवसभर पाटा-वरवंटा, विहिरीचं पाणी, सारवण, खाली बसून उठून शंभर कामं. तिच्या मांड्या उपासाने नव्हे, त्या उठबशीने टिकल्या. आणि साखरेची गोळी तिच्या आयुष्यात नव्हती. दुसरीही आठवण ठेवू या. त्या पिढीतल्या कितीतरी विधवा स्त्रियांवर एकवेळचं जेवण लादलेलं होतं, आणि कमरेत काटकोनात वाकलेल्या म्हाताऱ्या आपण गल्लोगल्ली पाहिल्यात. ८८ वर्षं जगलेली आजी लक्षात राहते. साठीत खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आत्या आपण उपासाशी जोडत नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत एकासणं, म्हणजे दिवसातून एकदाच एका बैठकीत जेवण्याचं व्रत, करणारी ज्येष्ठ मंडळी मी पाहिलीत. त्यांना लहानपणापासून सवय असते, पाण्याचे नियम असतात, पारण्याला काय घ्यायचं ते ठरलेलं असतं, आणि घरात त्यावर लक्ष असतं. जेवणाच्या वेळा कमी करण्याची चळवळ आपल्याकडे नवी नाही. डॉ. श्रीकांत जिचकार आणि नंतर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घराघरांत पोहोचवली. दोन जेवणांचा सल्ला मी ज्येष्ठांना देतो तेव्हा त्यांना तो परका वाटत नाही, हा तिचा मोठा फायदा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ती पद्धतसुद्धा देखरेखीखालीच करायची.

तुम्ही काय करावं ते आता सांगतो.

सुरू करण्यापूर्वी या तपासण्या: उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड, हिमोग्लोबिन, ब१२ आणि ड जीवनसत्त्व. तुम्ही अकरा वर्षं मेटफॉर्मिनवर आहात आणि शाकाहारी असाल तर ब१२ कमी निघण्याची शक्यता बरीच आहे. हातापायांना मुंग्या येत असतील तर सगळ्याच मुंग्या मधुमेहाच्या नसतात. रक्तदाब बसून मोजा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरला तर तेवढ्यावरच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. कधी संधिवाताने अंगठा सुजला होता का, पित्ताशयात खडे आहेत का, हेही सांगा. उपाशी राहिल्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि वजन झपाट्याने उतरलं की पित्ताचे खडे होतात.

पहिले दोन आठवडे एकही जेवण सोडायचं नाही. सोडायचं ते फक्त मधलं खाणं. तुम्ही लिहिलंय, दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, सोबत खारी किंवा चिवडा. आठ चमचे साखर म्हणजे सुमारे दीडशे उष्मांक, त्यावर चार खाऱ्या आणि दोन मुठी चिवडा. एवढं बंद झालं तर तुमच्या वयाच्या माणसाचं जवळजवळ एक हलकं जेवण कमी झालं, आणि स्नायूंच्या वाटणीचं काही गेलं नाही. चहा दोन कप, साखर शून्यावर आणा किंवा निदान अर्धा चमचा. याच काळात रात्रीचं जेवण साडेनऊवरून हळूहळू सातवर आणा. दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे. टीव्हीवरच्या मालिकेची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळी करा, हे वहिनींच्या मदतीशिवाय होणार नाही.

मग डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्यावर दोन जेवणं: एक साडेदहा-अकराला, दुसरं सहा-साडेसहाला. दोन्हींत ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि दुसऱ्या जेवणानंतर पेलाभर दूध. ताट वाढताना क्रम बदला: आधी उसळ, अंडं, पनीर किंवा मासळी, मग भाजी-कोशिंबीर, आणि शेवटी भाकरी. मासे खात असाल तर त्याने हिशोब फार सोपा होतो. दिवसभर पाणी घड्याळाकडे बघून प्या, तहानेकडे बघून नाही. तांब्या भरून डोळ्यांसमोर ठेवा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण विचारूनच ठरवायचं.

आठवड्यातून तीन दिवस व्यायाम, आणि फिरणं त्यात धरायचं नाही. फिरण्याने साखर आणि मन चांगलं राहतं, पण मांड्या भरत नाहीत. खुर्चीवरून उठणं-बसणं दहा-दहाचे तीन फेरे, भिंतीला हात टेकून रेटा, पाण्याच्या लिटरभर बाटल्या हातात घेऊन उचलणं, टाचा उचलून उभं राहणं. जमेल तसं वाढवायचं. हे केल्याशिवाय मी साठीपुढच्या कुणालाही वजन उतरवायला सांगत नाही.

असे दोन महिने नीट गेले, साखर एकदाही ७०च्या खाली गेली नाही, खुर्चीचे सेकंद वाढले नाहीत, तर एकादशीला किंवा आठवड्यातून ठरलेल्या एका वारी एकभुक्त राहा. जेवण दुपारी बारा-साडेबाराला. आणि संध्याकाळी पेलाभर दूध, किंवा वाटीभर दह्यात भाजलेले दाणे, किंवा ताकाबरोबर मूठभर फुटाणे. मी याला दीड वेळचं जेवण म्हणतो. आजींच्या रिवाजाशी हे तुमच्या त्या ७ वाजताच्या ताटापेक्षा कितीतरी जवळचं आहे. उपासाला साबुदाणा खिचडी मात्र नको. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, साखर भराभर चढवतो. भगर आणि दाण्याची आमटी प्रमाणात चालेल.

दुपारी जेवा म्हणतो त्याचं आणखी एक कारण आहे. म्हातारपणी भरपेट, भात-पोळीच्या जड जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं आणि तास-दोन तासांत रक्तदाब उतरू शकतो. दिवसभराचं सगळं एका बैठकीत रात्री खाल्लं, वर गोळी घेतली, झोप लागली आणि रात्री लघवीला उठलं, तर अंधारात, बाथरूमच्या ओल्या फरशीवर तोल जायची सगळी तयारी झालेली असते. खुब्याच्या हाडाचे रुग्ण पडण्याची जी हकीकत सांगतात त्यात रात्रीचं बाथरूम फार वेळा येतं.

घरात ग्लुकोमीटर हवा. पहिले पंधरा दिवस सकाळी उठल्यावर, पहिल्या जेवणाआधी, संध्याकाळच्या जेवणाआधी आणि कसंतरी वाटेल तेव्हा मोजा. ७०च्या खाली आली तर उपास तिथेच मोडायचा: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, सुधारल्यावर काहीतरी खायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. व्रत मोडलं म्हणून मनाला लावून घेऊ नका. आजारी माणसाला धर्मशास्त्रातही सूट आहे.

वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने उतरू देऊ नका. उभं राहताना अंधारी, काळी शौच, छातीत धडधड, सतत मळमळ, यांतलं काहीही झालं तर थांबा. आणि वहिनी जर म्हणाल्या की हल्ली तुम्ही चिडचिडे झालात किंवा एकच गोष्ट दोनदा विचारता, तर त्यांचं ऐका. उतरलेली साखर स्वतःला कळायच्या आधी बायकोला कळते, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

ज्यांचं वजन मुळातच कमी आहे, जे गेल्या वर्षभरात पडलेत, ज्यांचं वजन प्रयत्न न करता उतरतंय, ज्यांना स्मृतिभ्रंश सुरू झालाय, जे एकटे राहतात आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनी यातलं काहीही सुरू करू नये.

तुमच्या मित्रालाही एक विनंती करा. उद्या फिरून आल्यावर बागेतल्या बाकावर हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगा आणि सेकंद मोजा. बारा किंवा जास्त लागले तर त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. तुमचे सेकंद, पोटरीचा घेर आणि उभं-बसून मोजलेला रक्तदाब मला कळवा. आषाढीला अजून वेळ आहे, तोवर चहाची साखर आणि साडेनऊचं जेवण एवढंच हाती घ्या.